चामखिळींचा कप्पा

आमच्या बाबांना सगळं गाव ‘खोडरबर’ म्हणायचं आणि बाबांना त्याचा अभिमान होता. त्यांच्या स्टुडिओत माणूस चामखीळ घेऊन शिरायचा आणि बिनचामखिळीचा बाहेर पडायचा, निदान कागदावर तरी. गिऱ्हाइकानं सांगावं लागायचं नाही. सांगायला लाज वाटते म्हणून आपणच समजून घ्यावं, असं बाबांचं म्हणणं होतं. मी एकदा त्यांना विचारलं की एखाद्याला आपली चामखीळ हवीशी असेल तर? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाला आपली सर्दी हवीशी असते का, असं विचारलं होतं.

तेव्हा अजून फिल्मचे दिवस होते. बाबा मागच्या खोलीत खिडकीपाशी बसत आणि उजेडाकडे तोंड केलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून काम करत. चामखिळीची सावली पेन्सिलीनं भरायची आणि तिच्या टोकावरचा चमकता ठिपका बारीक सुरीनं खरवडायचा. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही. हात इतका हलका होता की भिंग लावूनही कुठं काय होतं ते सापडायचं नाही. मी काउंटर सांभाळायची, प्रिंट धुवायची, वाळवायची आणि बाबांच्या चांगुलपणामुळे झालेले घोळ निस्तरायची.

घोळ पुष्कळ होते. एका गृहस्थानं घराच्या भिंतीला गेलेला तडा विमा कंपनीला दाखवायचा म्हणून फोटो काढून आणला होता. बाबांनी तडा बुजवला. भिंत इतकी सुरेख आली होती की कंपनीनं त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं नाही एवढंच. त्यानंतर मी एक नियम केला. ज्या पाकिटातल्या निगेटिव्हला धक्का लागू नये, त्यावर लाल शाईनं ‘हात लावू नये’ असं लिहायचं. तेवढे तीन शब्द मात्र बाबा पाळत. त्यांना ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे वाटत. ज्यावर ते नाही, ते सगळं त्यांचं.

माझ्या स्वतःच्या हनुवटीवर डावीकडे मसुराच्या दाण्याएवढी एक चामखीळ आहे. मी तीन वर्षांची असल्यापासूनच्या एकाही फोटोत ती नाही. कॅमेऱ्यामागून बाबा दर वेळी म्हणत, “जरा डावीकडे बघ,” आणि तरीही काही उरलंच तर मागच्या खोलीत सुरी होतीच. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये बाईंनी माझं ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं आणि मला दहा मिनिटं दाराबाहेर उभं केलं. घरी येऊन मी ते हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत, उठून आत गेले. मी तेव्हाच ठरवून टाकलं की बाबांना माझी चामखीळ आवडत नाही. असं एकदा ठरवलं की पुन्हा विचारायची हिंमत होत नाही, म्हणून मी पंचवीस वर्षांची झाले तरी विचारलं नव्हतं.

बेडूकबाई आमच्याकडे आल्या त्या बिस्किटांचा एक चौकोनी डबा घेऊन. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि गेली अकरा वर्षं पाण्याच्या जुन्या टाकीमागच्या डबक्यात उतरून बेडकांचे फोटो काढत होत्या. बेडूक म्हणजे खरं तर भेक, असं त्यांनी मला पहिल्याच मिनिटाला बजावलं. गुळगुळीत आणि लांब उड्या मारतो तो बेडूक, अंगभर चामखिळी घेऊन सावकाश चालतो तो भेक. मग त्यांनी माझ्या हनुवटीकडे नीट पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, “छान जागी आहे. तुला कुठंही ओळखेन मी.”

माझ्या चामखिळीबद्दल कुणी चांगलं बोलल्याची ती पहिलीच वेळ. मी इतकी गोंधळले की त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही.

डब्यात तळहाताएवढ्या एक्केचाळीस निगेटिव्ह होत्या. बाईंची पद्धत ठरलेली होती. दर वर्षी भेक डबक्यावर जमले की एकेकाला उथळ पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवायचं, शेजारी मोजपट्टी ठेवायची, कॅमेरा बरोबर एका उंचीवर बांधायचा, वरून एक फोटो घ्यायचा आणि त्याला सोडून द्यायचं. प्रत्येक भेकाच्या पाठीवरच्या चामखिळी वेगळ्या असतात आणि तो वाढला तरी त्यांची मांडणी मोडत नाही, असं त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं होतं. त्या नुसत्या निगेटिव्ह खिडकीकडे धरून वाचत. हा हेडमास्तर, ही थोरली, हा बिनघोर. नावं ठेवली होती त्यांनी. प्रिंट कधी काढल्याच नव्हत्या, कारण त्यांना गरजच नव्हती.

आता गरज पडली होती. डबकं बुजवून तिथं गाड्या लावायला जागा करायची ठरत होती. पाणी खात्याचे इंजिनिअर म्हणत होते की भेक काय, पाणी दिसलं की कुठूनही येतात आणि कुठंही जातात. बाई म्हणत होत्या की तेच भेक दर वर्षी त्याच डबक्यावर येतात, दुसरीकडे जातच नाहीत आणि डबकं गेलं की ते तिथंच मातीवर बसून राहतील. नियम असा होता की कायम येणाऱ्या प्राण्यांची जागा असेल तर ती बुजवता येत नाही. गुरुवारी त्या इंजिनिअरसाहेबांपुढेच सुनावणी होती. तेच भेक येतात हे बाईंना दाखवायचं होतं आणि दाखवायला त्यांच्याकडे त्या चामखिळींशिवाय काहीही नव्हतं.

“एकेक जनावर कागदभर येऊ दे,” बाई म्हणाल्या. “साहेबांना लांबून दिसलं पाहिजे.”

मी त्यांना बुधवारी दुपारी यायला सांगितलं. जाता जाता त्यांनी पर्समधून एक पान काढून दाखवलं. पानावर खालून वर आलेल्या हिरव्या चामखिळी होत्या. एका बारक्या किड्यानं आत अंडं घातलं की झाड त्याच्याभोवती अशी गाठ बांधून देतं, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मी पान हातात घेऊन बसले. तेवढ्यात घरून निरोप आला की ताईला दवाखान्यात नेलंय, दिवस भरलेत, लगेच नीघ. मी डबा बाबांच्या टेबलावर ठेवला, कागदभर प्रिंट हव्यात असं ओरडून सांगितलं आणि पळाले.

डब्यावर काहीही न लिहिता पळाले. हे मला बुधवारी दुपारपर्यंत आठवलंसुद्धा नाही. भाचा झाला होता, त्याच्या पायांची नखं बघण्यात माझे तीन दिवस गेले.

बुधवारी मी स्टुडिओत शिरले तेव्हा बाई आधीच आलेल्या होत्या. बाबांनी सगळ्या प्रिंट काउंटरवर ओळीनं मांडल्या होत्या आणि स्वतः हात मागे बांधून, कौतुकाची वाट बघत उभे होते. मी पहिली प्रिंट पाहिली. पांढऱ्या ट्रेमध्ये साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, टवटवीत, ओलसर असा एक प्राणी बसला होता. त्याच्या शेजारीही तसाच. एक्केचाळीस गुळगुळीत प्राणी, कुणाच्या पाठीवर एक म्हणून ठिपका नाही.

“फार हाल झाले बिचाऱ्यांचे,” बाबा बाईंना म्हणाले. “एवढ्या चामखिळी मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. तीन दिवस लागले, पण एकही शिल्लक ठेवली नाही.”

बाईंनी एक निगेटिव्ह उचलून खिडकीकडे धरली, मग दुसरी, मग तिसरी. मग त्या माझ्या खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“यातला हेडमास्तर कुठला, ते मलाच कळत नाहीये,” त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. चूक माझी होती. तीन शब्द लिहायचे होते, ते मी लिहिले नव्हते आणि त्यापायी एका बाईची अकरा वर्षं सुरीनं खरवडली गेली होती. मी बाबांना सगळं सांगितलं, डबकं काय, सुनावणी काय, चामखिळी कशासाठी हव्या होत्या. सांगताना मी बाबांवर चिडलेही. एकदा तरी विचारावं माणसानं, असं काहीतरी बोलून गेले. बाबांचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्याला ते उपकार समजत आले होते, त्यानं कुणाचं असं वाटोळं झालेलं त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. ते वळले आणि मागच्या खोलीत गेले. मला वाटलं, बसतील आता खिडकीकडे तोंड करून.

ते परत आले ते एक लाकडी कप्पा दोन्ही हातांनी धरून.

हा कप्पा मी लहानपणापासून पाहत आले होते. त्याच्यासारखे अकरा कप्पे मागच्या भिंतीला होते. फार वर्षांपूर्वी एक बाई आपल्या नवऱ्याचा फोटो परत घेऊन आल्या होत्या. हे आमचे नव्हेत, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबांना नवऱ्याची चामखीळ परत घालून द्यायची होती आणि ती कुठल्या गालावर होती हे काही केल्या आठवेना. तेव्हापासून बाबा कुठलीही खूण खोडण्याआधी एक काम करत. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालायची, खाली फोटोऐवजी ट्रेसिंग पेपर ठेवायचा, त्यावर पडलेल्या प्रतिमेचा कडेकडेनं आकार काढायचा आणि जे जे खोडणार ते ते ठिपक्यानं टिपून ठेवायचं. मग नंबर घालून कागद कप्प्यात. मी हे माणसांच्या चेहऱ्यांसाठी करतात असं समजत होते. भेकाचाही असा मान राखला जाईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“खोडलंय ते सगळं इथं आहे,” बाबा म्हणाले.

एक्केचाळीस कागद होते. प्रत्येकावर एका भेकाचा आकार, डोळे, पाय आणि पाठीवर शंभर-सव्वाशे ठिपके. मोठी चामखीळ मोठा ठिपका, लांबट असेल तर लांबट, डोळ्यामागची जाड गाठ होती तशी. बाईंनी पहिला कागद खिडकीच्या काचेवर धरला, दुसरा चाळला, पाचवा उचलून त्यावर ठेवला, किंचित सरकवला आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. ठिपक्यावर ठिपका पडला होता. सात वर्षांच्या अंतरानं, पाठीच्या मधोमध एका ओळीत तीन आणि चौथी जरा बाजूला.

“हेडमास्तर,” त्या म्हणाल्या आणि मग त्याही रडल्या. तिघं काउंटरभोवती नाक पुसत उभे असताना एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं आणि आल्या पावली परत गेलं.

सुनावणी पाणी खात्याच्या कचेरीत होती. लांब टेबल, पंखा, टेबलाच्या त्या टोकाला इंजिनिअरसाहेब, दाढीवाले, शांत, कागदाला कागद लावून बसलेले. बाई बोलल्या ते छानच बोलल्या. मग त्यांनी ट्रेसिंग खिडकीला लावून दाखवले. साहेब उठून जवळ आले, त्यांनी सगळे कागद पत्त्यांसारखे पिसले आणि एक वर काढला. बाईंनी त्याच्या जोडीचे चार काढून दिले. त्यांनी दुसरा काढला. त्याचे सहा निघाले.

“पण हे फोटो नाहीत,” साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त फसायचं नव्हतं. कुणीतरी हातानं काढलेले ठिपके आहेत हे, ते म्हणाले, आणि जुळतील असेच काढलेले नाहीत कशावरून? शिवाय फोटो मागितले तर फोटोतले भेक गुळगुळीत. हे त्यांनी जरा हसून म्हटलं आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बाबा मघापासून साहेबांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, ते इतकं की मला त्यांची बाही ओढावीशी वाटली.

“साहेब,” बाबा म्हणाले, “तुमच्या लग्नाचा फोटो मी काढलाय. तेव्हा दाढी नव्हती.”

साहेबांना ते आठवत होतं. मग काय, असं ते म्हणाले.

“नाव विसरलो मी. कपाळ आणि कान लक्षात आहेत. दहा मिनिटं द्या.”

दहा मिनिटं मला धावावं लागलं. साहेबांनी लग्नाचं वर्ष सांगितलं होतं, त्यावरून कप्पा सापडला, आणि वधूवरांच्या कागदांत बाबांनी सांगितलेले बाहेर वळलेले कान सापडले. चौदा वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला ट्रेसिंग. मी धापा टाकत तो बाबांच्या हातात दिला आणि बाबांनी तो साहेबांपुढे ठेवला. चेहऱ्याचा आकार, नाक, ओठ. उजव्या जबड्याच्या खाली, कानाच्या पाळीपासून चार बोटांवर, एकाला एक चिकटून तीन ठिपके, मधला मोठा.

आज तिथं दाट दाढी होती. त्या दाढीखाली काय आहे, हे खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं. त्यानं नाही म्हटलं असतं तर आमच्याकडे बोलायला काही नव्हतं, दाढी काढा असं थोडंच सांगता येतं.

साहेबांनी कागद बघितला. त्यांचा हात आपोआप जबड्याकडे गेला आणि बोटं दाढीत शिरून तिथंच थांबली.

“तीन आहेत,” ते म्हणाले. “मधली मोठी.”

मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता, वर न बघता, त्यांनी बाबांना सांगितलं की तो फोटो पाहून त्यांची आई म्हणाली होती, मुलगा चांगला दिसतो पण आपला वाटत नाही. बाबा म्हणाले की उद्याच परत घालून देतो.

डबकं राहिलं. गाड्यांची जागा टाकीच्या पुढच्या बाजूला झाली, डबक्याभोवती कमरेएवढी भिंत आली आणि बाईंनी भांडून भिंतीला तळाशी भोकं ठेवून घेतली. भेकांना येता-जाता यावं म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी डबा आणून दिला तेव्हा त्यावर लाल शाईनं त्यांनीच लिहिलं होतं, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पण सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओ उघडला तो बाबांच्या आधी. मागच्या खोलीत जाऊन मी माझं नाव असलेलं पाकीट शोधलं. बावीस कागद होते, तीन वर्षांच्या मुलीपासून माझ्यापर्यंत. मी ते एकावर एक ठेवून खिडकीला लावले. चेहरे वाढत गेले होते, हनुवटी लांबली होती, ठिपका मात्र प्रत्येक कागदावर आपल्या जागेवर होता. प्रत्येकाखाली बाबांनी मापसुद्धा लिहिलं होतं. मुगाएवढी, मग मुगाहून जरा मोठी, मग मसुराएवढी. दर वर्षी.

बाबा केव्हा मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मी न वळता विचारलं, “तुम्हाला ही आवडत नाही ना?”

बाबांनी त्यातला सगळ्यात लहान चेहऱ्याचा कागद काढून हातात घेतला.

“तू तीन वर्षांची होतीस,” ते म्हणाले. “बागेत दोन मुलं तुझ्या हनुवटीला बोट लावून हसली. तू पण त्यांच्याबरोबर हसलीस, तुला काही कळलं नाही. मला कळलं. घरी येऊन तुझ्या फोटोवर पहिल्यांदा सुरी उचलली ती त्या दिवशी. चामखिळीचं मला काही नव्हतं गं. ते हसणं खोडता येत नव्हतं.”

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. इतकी वर्षं मी बाबांवर जो राग धरून बसले होते, तो दोन अनोळखी पोरांचा होता आणि बाबा तो माझ्या वाटचा एकटे सांभाळत बसले होते. मी वळून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी पेन्सिलीनं काळं झालेलं बोट आधी सदऱ्याला पुसलं आणि मग माझ्या केसांवरून हात फिरवला.

महिन्याभरानं मला गाडीच्या परवान्यासाठी फोटो हवा होता. मी स्टुलावर बसले आणि सवयीनं डावीकडे वळले. कॅमेऱ्यामागून बाबा म्हणाले, “उजवीकडे बघ. अजून थोडं. हं, आता दिसतेय.”

संध्याकाळी निगेटिव्ह वाळल्यावर त्यांनी ती पाकिटात घातली, काउंटरवर येऊन माझी लाल शाईची बाटली मागून घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत, पाकिटावर ‘हात लावू नये’ असं लिहिलं.